पालथा दगड

मी एका बाईची ओवी पुसली. ती बाई होऊन गेली त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली असतील. तिच्या उभ्या आयुष्यात दगडावर उतरलेली ती एकच ओवी होती. पुसायला मला एक दुपार पुरली. ते कबूल करायला अठ्ठावीस वर्षं गेली.

संपादकांनी मला 'धंद्यातल्या गमती लिहा' असं सांगितलं होतं. गमती आहेत, थोड्या सांगतोही. पण ही गोष्ट मागं ठेवून बाकीचं लिहायला बसलो तर हात चालेना. म्हणून आधी कबुली दिली.

माझं नाव दिगंबर. नांदेडला जुन्या बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं दगडावर अक्षरं कोरायचं दुकान आहे. वडिलांनी, म्हणजे आबांनी सुरू केलेलं. उद्घाटनाच्या कोनशिला, देवळातले देणगीदारांचे फलक, घरांच्या नावाच्या पाट्या आणि मुसलमान गिऱ्हाइकांचे कतबे, म्हणजे कबरीवरचे दगड, असं आमचं काम. उर्दू अक्षरं आम्हाला येत नाहीत. ती रहीमचाचा दगडावर लिहून देतात आणि आम्ही त्यावरून छिन्नी फिरवतो. रहीमचाचा आबांचे दोस्त. दुकानाच्या डाव्या कोपऱ्यात त्यांची बसायची जागा तेव्हाही होती, आजही आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, आमचं काम अक्षरांचं, म्हणजे आम्ही खूप वाचत असू. उलट आहे. दगड ओला करायचा, खडूनं ओळी आखायच्या, गेरूनं अक्षरं काढायची आणि छिन्नी लावायची. पण कोरताना वाचायचं नाही. वाचायला लागलं की मन पुढच्या शब्दाकडं धावतं आणि हातातला काना उडतो. कागदावर खोडता येतं, दगडावर येत नाही. म्हणून आम्ही अक्षराची खोली पाहतो, उतार पाहतो, धार पाहतो. अर्थ गिऱ्हाइकाचा. मी हजारो माणसांची नावं कोरली असतील, त्यांतली पन्नासही सांगता येणार नाहीत. पण एखादा दगड पुढं ठेवा, त्यावरचा 'ळ' माझ्या हातचा की आबांच्या, हे अंधारात बोट फिरवून सांगेन.

आबांचा याला जोडून दुसरा एक नियम होता. जुना दगड पुन्हा वापरायला आला तर तो घासायचा नाही, पालथा करायचा. जुनी अक्षरं भिंतीकडं आणि नवी अक्षरं लोकांकडं. "कोरताना वाचू नको," आबा म्हणायचे, "पण जुन्या दगडाला हात लावायच्या आधी वाच. अन् घासू तर नकोच. ज्यानं कोरलं त्याचं बी पोट होतं, हात होता."

हिमायतनगरकडच्या एका गावात पावसानं देवळाची भिंत खचली आणि आबांनी कधीकाळी बसवलेला फलक खाली पडला. त्याच्या पाठीवर आधीच्या देणगीदाराचं नाव निघालं. त्या नावाच्या माणसाचे पणतू शेजारच्याच घरात राहत होते, त्यांना पत्ताही नव्हता. ते लोक गाडी करून आबांना भेटायला आले आणि त्यांच्या पायाला हात लावून गेले. तेव्हापासून आमच्या दुकानाची ख्याती झाली, की यांच्या दगडाच्या मागं बघावं, काहीतरी असतं. या ख्यातीनंच पुढं माझा घात केला.

गमती म्हणाल तर कोनशिलांच्या. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पाहुण्यांचा क्रम तीनदा बदलतो. एक गृहस्थ पट्टी घेऊन आले होते. "आमच्या भाऊंचं नाव त्यांच्या नावापेक्षा सूतभर तरी मोठं पाहिजे, कुणाला कळालं नाही पाहिजे." मी म्हटलं, "कुणाला कळणार नसंल तर मोठं कशाला?" ते म्हणाले, "भाऊंला कळलं की झालं."

आणि एक मास्टर टेलर होते, देगलूर नाक्याकडचे. बायकोचा कतबा करून नेला तेव्हा त्यांनी खालची अर्धी जागा स्वतःसाठी मोकळी सोडायला सांगितली. पुढं कितीतरी वर्षं ते अधूनमधून दुकानात यायचे आणि विचारायचे, "जगा है ना रे मेरी?" जणू तो दगड आमच्याच दुकानात होता. रहीमचाचा मान वर न करता म्हणायचे, "जगा है मास्टर, तुम जल्दी नक्को करो." बायको गेल्यावर मास्टरांशी बोलायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून ते यायचे. हे मला तेव्हा कळलं नाही. माझी बायको मंदा गेली आणि मुलगी हैदराबादला नांदायला गेली, तेव्हा कळलं. आमच्यात दगड ठेवत नाहीत. सगळ्या जिल्ह्याची नावं कोरली, पण तिचं कोरायला कारणच मिळालं नाही.

आता त्या दुपारचं सांगतो.

मी तेव्हा अठ्ठावीसचा होतो. आबांना अर्धांगवायू झाला होता, ते मागच्या खोलीत खाटेवर असायचे. कंधारजवळच्या एका गावात समाजमंदिर बांधून झालं होतं. गावाचं नाव लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उद्घाटन होतं. कोनशिला मी आठ दिवस आधीच करून दिली होती, पण बसवायला उचलताना ती हमालाच्या हातून निसटली आणि मधोमध तडकली. गावचा गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार, टेम्पो घेऊन दुकानाशी आला. टेम्पोत एक काळा दगड होता, हातभर रुंद, दीड हात लांब.

"दिगूभाऊ, इज्जतीचा सवाल हाय," तो म्हणाला. "उद्या धाला पाहुणे यायलेत. नवा दगड आता कुठं मिळंना. हा बारवंतला हाय. पायऱ्या काढून राहिलो तवा निघाला. एका अंगानं सपाट हाय बघा."

बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. दगड सपाट होता तो एकाच अंगानं, आणि त्याच अंगावर अक्षरं होती. शेवाळ आणि चुना बसलेली, जुन्या वळणाची. दुसऱ्या अंगाला कुबड आलेलं होतं, नुसता खडक. आबांच्या नियमाप्रमाणं करायचं तर ते कुबड टाकीनं फोडून, तासून, सपाट करायला दोन दिवस लागले असते. माझ्याकडं एक दुपार होती.

मी घासायचं मशीन काढलं.

कोपऱ्यातून रहीमचाचा म्हणाले, "अरे ठैर. क्या लिख्या है, पढने तो दे."

"वेळ न्हाई चाचा."

"दो मिनट का काम है रे."

मी मशीन चालू केलं. त्या आवाजात चाचा पुढं काही बोलले असतील तर ऐकू आलं नाही. वरून पाण्याची धार सोडली होती. काळं पाणी दुकानाच्या पायरीवरून गल्लीच्या नालीत गेलं. पहिली ओळ जाईना, फार खोल होती. शेवटची लवकर गेली. ते कोरीव काम चांगलं होतं, एवढं मात्र हाताला कळत होतं. वाचलं काहीच नाही. मला सवयच नव्हती.

मशीन थांबल्यावर मागच्या खोलीतून आबांनी विचारलं. त्यांची जीभ जड झाली होती, शब्द तुटक यायचे. "जुना दगड हाय का? मागं काय हाय त्याच्या?"

"काही न्हाई आबा," मी म्हणालो. "कोराच होता."

संध्याकाळपर्यंत पाहुण्यांची नावं कोरून, रंग भरून दगड टेम्पोत चढवला आणि रात्री गावात जाऊन मीच तो भिंतीत बसवून दिला. गुत्तेदारानं पाठ थोपटली. आबा त्याच हिवाळ्यात गेले.

हे सगळं मी विसरलो होतो, असं लिहायचा मोह होतो. विसरलो नव्हतो. मात्र त्याला फार मोठंही समजत नव्हतो. कुणाचं तरी देणगीदाराचं नाव असेल, असं मनाला सांगून टाकलं होतं.

दोन वर्षांपूर्वी शालिनीबाई दुकानात आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत वह्या. सोबत त्या गावचे सरपंच. बाई लातूरच्या. उमेदीतली सगळी वर्षं त्यांनी त्या गावातल्या शाळेत शिकवण्यात घालवली आणि निवृत्त होऊन लातूरला परत गेल्या. गावाचं नाव ऐकल्यावर माझ्या हातातला गेरूचा ब्रश थांबला.

"आवडाईचं नाव ऐकलंय का तुम्ही?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणालो.

मग त्यांनी सांगितलं. निजामाच्या राज्यात, एकोणिसाव्या शतकात, त्या गावात आवडाई नावाची बाई होऊन गेली. लहानपणीच विधवा झालेली. दुसऱ्यांची दळणं दळायची आणि ओव्या रचायची. गावातल्या म्हाताऱ्या आजही 'आवडाई म्हणे' असं म्हणून ओव्या गातात. बाईंनी चाळीस वर्षं त्या ओव्या उतरवून घेतल्या. पण कुठली तिची आणि कुठली मागाहून कुणी जोडलेली, हे सांगता येत नव्हतं. शहरातल्या एका विद्वानांनी तर त्यांना तोंडावर सांगितलं होतं, की अशी बाई झालीच नसावी, लोकांनी नाव तयार केलं असावं. गावातली शिकलेली पोरंही तसंच म्हणायला लागली होती.

"पण म्हाताऱ्या एक गोष्ट सांगायच्या," बाई म्हणाल्या. "बारव दुरुस्त करायला एक पाथरवट आला होता. त्याला आवडाई रोज भाकर द्यायची. तिला लिहिता येत नव्हतं. जाताना त्यानं तिची एक ओवी बारवेच्या पायरीवर कोरून ठेवली, तिच्या नावासकट. ती पायरी पाण्याखाली असायची. पाणी हटलं की दिसायची. मी नोकरीला लागल्यापासून पाणी हटायची वाट पाहत होते. ज्या उन्हाळ्यात हटलं, त्या उन्हाळ्यात गुत्तेदारानं पायऱ्याच काढल्या. तो दगड कुठं गेला हे आत्ता, इतक्या वर्षांनी कळलं."

सरपंच हसून म्हणाले, "समाजमंदिराच्या कोनशिलंत हाय म्हणं. तुमच्याच दुकानातून आलेली. अन् तुमच्याकडं तर दगड पालथा करायची रीत हाय. मंजी ओवी भित्तीच्या अंगाला असंल की नाई?"

बाई माझ्याकडं बघत होत्या. इतक्या आशेनं माझ्याकडं त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. मी म्हणालो, "बघावं लागंल."

दगड काढायचा दिवस ठरला. काढायलाही मलाच बोलावलं. माझ्याच हातानं बसवलेल्या चुन्यात मी छिन्नी घातली. शाळेची पोरं, बचतगटाच्या बाया, पाच-पन्नास माणसं जमली होती. गंगाबाई नावाची म्हातारी हळदीकुंकवाचं ताट घेऊन पुढं उभी होती. आवडाईच्या सगळ्यांत जास्त ओव्या तिलाच येत होत्या. "लई वर्सं भित्तीकडं तोंड करून बसली माय," ती म्हणाली, "आता सगळ्याला दिसंल."

चौघांनी दगड खाली उतरवला आणि पालथा केला.

कुबड होतं. नुसता खडक.

शालिनीबाई खाली बसल्या आणि त्या कुबडावर तळहात फिरवत राहिल्या, कडेपासून कडेपर्यंत, एखादा काना, एखादी वेलांटी लागते का बघत. मी शेजारी उभा होतो. शेवटी त्या स्वतःशीच म्हणाल्या, "ओल. भिंतीतल्या ओलीनं खाल्लं असेल. नाही का हो?"

मी होकाराची मान हलवली.

ओल दगडावरची अक्षरं अशी खात नाही, हे या धंद्यातलं पोरही सांगेल. मी मान हलवली. गंगाबाईनं वाकून त्या कोऱ्या कुबडाला हळदकुंकू लावलं आणि ताट घेऊन कुणाकडं न बघता घरी गेली.

घासणं ही घाईतली चूक होती. ही मान हलवणं तशी चूक नव्हती, हे मला त्या दिवसापासून माहीत आहे. त्यानंतर दुकानात एकट्यानं बसवेना आणि घरी तर बसवतच नव्हतं. मंदा असती तर तिला सांगितलं असतं, असं वाटायचं. मग आठवायचं, की ती होती तेव्हाही पहिली गोष्ट सांगितली नव्हतीच.

पुढं गावानं ठरवलं, की पुरावा नसला तरी बारवेपाशी आवडाईच्या नावाचा फलक लावायचा. काम माझ्याकडंच आलं, नव्या चकचकीत ग्रॅनाइटवर. मजकूर बाईंनी लातूरहून पाठवला. "आवडाई. एकोणिसाव्या शतकातील कवयित्री. या बारवेच्या पायरीवर त्यांची ओवी कोरलेली होती. ती काळाच्या ओघात नष्ट झाली."

आता हे काम मशीन करतं. विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकलेली पोरं कॉम्प्युटरवर अक्षरं बसवून देतात. पण हा फलक हातानं करायचा, असं मी ठरवलं होतं. तेवढं तरी. ओळी आखल्या, गेरूनं अक्षरं काढली, कोरायला घेतलं. आणि या वेळी मी वाचत होतो. 'काळाच्या ओघात' पाशी आलो आणि छिन्नी ठेवून दिली.

रहीमचाचा कोपऱ्यात होते. आता त्यांना नीट दिसत नाही, लिहिणं सुटलं, तरी रोज येऊन बसतात. आवाज थांबलेला त्यांना कळला.

"कायकू रुक्या रे?"

मी सगळं सांगितलं. जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी. चाचा ऐकून घेत राहिले आणि मग म्हणाले, "मालूम है. मैं बोल्या था, पढने दे."

"मग इतकी वर्षं तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत?"

"पत्थर तेरा था. बोलना भी तेरेकूच था." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "मैंने उम्रभर मुर्दों के नाम लिखे. उमर में गलती हुई होगी, तारीख में हुई होगी. झूठ नहीं लिख्या. तू बी नक्को लिख."

दुसऱ्या दिवशी सकाळची लातूरची बस धरली. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूर गेलं. चार तास मी बोलायची वाक्यं जुळवत होतो आणि प्रत्येक गावाशी ती मोडत होती.

बाईंचं घर छोटं. दारात पाण्यानं भरलेले निळे ड्रम, त्यांवर झाकणं, झाकणांवर दगड. आत एकट्याच. मुलगा परदेशात असतो, म्हणाल्या. भिंतीला लागून वह्या रचलेल्या. त्यांनी मला पोहे दिले. मी बशी हातात घेऊन बसलो आणि जुळवलेलं सगळं विसरून म्हणालो, "बाई, ओलीनं नाही खाल्लं. मी घासलं. मशीननं. एका दुपारी."

त्यांना आधी कळलंच नाही. मग मी गुत्तेदारापासून सगळं सांगितलं. आबांशी खोटं बोललो तेही सांगितलं. बाई उठल्या, खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. आतापर्यंत मला 'अहो' म्हणणाऱ्या त्या बाई माझ्याकडं पाठ करून म्हणाल्या, "त्या दिवशी तू माझ्या शेजारी उभा होतास."

"हो."

"गंगूनं त्या खडकाला कुंकू लावलं तेव्हाही."

"हो."

"मी ओलीला शिव्या दिल्या रे. दोन वर्षं. स्वतःला दिल्या, की त्या उन्हाळ्यात बारवेवर लवकर का गेले नाही. आणि तू पाहत होतास."

मला वाटलं, आता त्या मला घराबाहेर काढतील. काढलं असतं तर बरं झालं असतं. त्या परत येऊन समोर बसल्या. चाळीस वर्षं शिकवलेल्या माणसाचा आवाज लागला. "काय लिहिलं होतं?"

"वाचलं नाही, बाई."

"एक शब्द?"

इथं माझ्या मनात काय आलं ते सांगतो. वाटलं, एखादी ओळ सांगावी. त्यांच्याच वहीतली, मघाशी उघडी दिसलेली. त्या सुखी झाल्या असत्या, मी सुटलो असतो, कुणाला कधी कळलं नसतं. बशी खाली ठेवली आणि म्हणालो, "एकही नाही."

"मग काय आठवतं तुला?"

"अक्षरं कशी होती ते आठवतं. काय होती ते नाही."

"तेच सांग."

मी डोळे मिटून सांगितलं. चार ओळी होत्या. पहिली सगळ्यांत खोल, शेवटची उथळ. माणूस दमला असावा किंवा त्याला निघायची घाई असावी. छिन्नी बारीक तोंडाची, डावीकडून मारलेली, म्हणजे तो बहुधा डावखुरा. चौथ्या ओळीच्या शेवटी दोन उभ्या रेघा. त्यांच्याखाली तळहाताएवढं एक जातं. त्याचा खुंटासुद्धा कोरला होता, थोडा तिरका. ते जातं घासायला सगळ्यांत जास्त वेळ लागला होता.

मी डोळे उघडले तेव्हा बाई रडत होत्या. "जातं होतं?" त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, "म्हणजे ती होती."

"होती, बाई."

"चाळीस वर्षं मी शोधतेय, की तो दगड डोळ्यांनी पाहिलेला एक माणूस मिळावा. आणि मिळाला तर तू मिळालास." त्या पदरानं डोळे पुसत हसल्यासारख्या झाल्या. मी हात जोडले, माफीचा शब्द तोंडातून निघायच्या आत त्यांनी थांबवलं. "माझी मागू नकोस. माझ्या दारात, चार भिंतींत मागून तू मोकळा होशील आणि ती पुन्हा भिंतीकडं तोंड करून बसेल. जिचं घेतलंस तिच्या गावात, सगळ्यांसमोर सांग. पुरावा म्हणून आता तूच उरला आहेस."

मी हो म्हणालो. पोहे गार झाले होते. त्यांनी ते संपवायला लावले.

ग्रॅनाइट मी परत ठेवून दिलं. समाजमंदिरातला तो जुना दगड मागून आणला. पाहुण्यांची नावं घासली नाहीत. तीही कुणीतरी कोरलेलीच आहेत, मी कोरलेली आहेत. दगड पालथा केला आणि कुबड फोडायला बसलो. टाकीनं, हातानं. बरोबर दोन दिवस लागले. अठ्ठावीस वर्षांपूर्वी माझ्याकडं नव्हते ते दोन दिवस.

बाईंनी मजकूर बदलून पाठवला होता. वर 'आवडाई' आणि एक ओळीची ओळख. त्याखाली चार ओळींची जागा मोकळी. मोकळ्या जागेखाली तळहाताएवढं जातं, खुंटा तिरका. फोनवर सरपंच कुरकुरले, "दिगूभाऊ, काळाच्या ओघात गेलं असं लिवून मोकळे व्हा की. मधीच जागा सोडली तर लोक इचारतील." मी म्हणालो, "विचारू द्या."

फलक बारवेच्या तोंडाशी बसवला. पाहुणे नव्हते, मांडव नव्हता. त्या दिवशी दगड काढताना होती तीच माणसं होती, शिवाय लातूरहून शालिनीबाई. रहीमचाचांना मी रिक्षा करून घेऊन गेलो होतो. त्यांनी दगडावर बोटं फिरवली, जात्यापाशी थांबले आणि मान डोलावली. गंगाबाईनं ताटातलं हळदकुंकू नावाला लावलं. मग ती मोकळ्या जागेपाशी थबकली. वाचता येत नसलं तरी अक्षरं कुठं आहेत आणि कुठं नाहीत, हे तिला दिसत होतं.

"हितं कामून सोडलंय रे?" ती म्हणाली. "हितं काय होतं?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. शालिनीबाईंनी बघितलं नाही. त्या बारवेकडं तोंड करून उभ्या होत्या.

"इथं आवडाईची ओवी होती, माय," मी म्हणालो. मग मागच्यांनाही ऐकू जावं म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणालो. "चार ओळी होत्या. खाली असंच जातं होतं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

"मग कुठं गेली?"

"मी घासली. घाई होती म्हणून वाचलीसुद्धा नाही. आणि त्या दिवशी तुम्ही कोऱ्या दगडाला कुंकू लावलं, तेव्हा गप्प बसलो. माझं चुकलं, माय. तुमची आणि आवडाईची माफी मागतो."